गॅलरीतून दिसणारं बोचकं

परदेशी जाणारा माणूस पासपोर्टाच्या दाराशी रडतो असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं. रडायचं ते वजनकाट्यापाशीच रडून झालेलं असतं. मी त्या काट्यामागे कंपनीची निळी साडी नेसून काही वर्षं उभी राहिले आहे, तेव्हा हे छातीठोकपणे सांगू शकते. सत्तर सालाच्या पुढची ती वर्षं. अंधेरीहून बस पकडायची, हायवेवर उतरायचं, निऱ्या सावरत विमानतळावर शिरायचं आणि काउंटरमागे उभं राहून येईल त्याला सांगायचं की वीस किलोच्या वर चालणार नाही. पगार त्याचाच मिळत होता.

लोक म्हणायचे, ही बाई खडूस आहे. होतेच मी थोडी खडूस, पण नियम काही माझे नव्हते. माणसं किती, सामान किती, विमानाच्या पुढच्या पोटात किती आणि मागच्या पोटात किती, हे सगळं उड्डाणाआधी वैमानिकाला दाखवावं लागे. त्यानं सही केली की मगच शिडी हलायची. म्हणून हातातली पिशवीसुद्धा आम्ही काट्यावर ठेवायला लावायचो. तबकडीवरचा काटा वीसच्या पलीकडे सरकला की जादा आकार सांगायचा. मग तिथंच फरशीवर बॅगा उघडायच्या, आणि घरातून निघताना देवापुढे ठेवलेल्या वस्तू चारचौघांत बाहेर यायच्या. मेतकूट, लोणचं, पापड, जात्यावर दळलेलं काहीबाही. कुणाच्या बॅगेतून पोळपाटही निघालेला मी पाहिला आहे.

पोचवायला येणाऱ्यांची तर जत्राच असायची. एक जण जाणार आणि पन्नास जण टेम्पो करून येणार. हार, नारळ, पेढे, फोटोवाला. काउंटरच्या अलीकडे एक दोरी बांधलेली असे. दोरीच्या आत फक्त जाणाऱ्यानं यायचं, बाकीच्यांनी बाहेर थांबायचं. वजन झालं, पास मिळाला, की तो आतल्या दारानं पासपोर्ट आणि कस्टमकडे जायचा आणि दिसेनासा व्हायचा. मग सगळी जत्रा जिना चढून वरच्या गॅलरीत धावायची. तिकीट काढून गॅलरीत जाता येत असे. तिथल्या लोखंडी कठड्यावर पोट टेकून लोक खाली धावपट्टीकडे डोळे लावून उभे राहायचे. थोड्या वेळानं खालच्या दारातून प्रवासी बाहेर पडायचे, रांगेनं चालत विमानापर्यंत जायचे, शिडी चढायचे. शिडीच्या वरच्या पायरीवर प्रत्येक जण वळून हात हलवायचा. दाराशी पास फाडायला आमच्यातलीच कुणी उभी असायची. पुष्कळदा मीच.

आता गंमत अशी, की गॅलरी बरीच लांब होती. वरून सगळे पुरुष सारखेच दिसत. पांढरा टेरिलीनचा शर्ट, काळी पँट, हातात रेक्झिनची बॅग. आपला कुठला ते आईला कळायचं नाही. म्हणून जाणत्या घरांनी एक युक्ती काढली होती. मुलाच्या हातात द्यायचा खाऊचा डबा एखाद्या भडक कापडात बांधायचा. लाल, केशरी, पोपटी. ते बोचकं दिसलं की आई म्हणायची, तो बघा आमचा! आणि मग त्या बोचक्याकडे बघून हात हलवायची.

पण मुलांना ते बोचकं नको असायचं. एक तर वजन. दुसरं म्हणजे लाज. दोरीच्या आत आलेला मुलगा एकदा मागे बघायचा आणि मग काउंटरवर वाकून हळूच म्हणायचा, "हे इथंच ठेवता येईल का? फक्त आईला कळू देऊ नका." आधी आम्ही म्हणायचो, बाहेर नेऊन दे बाबा. ते काही त्यांना जमायचं नाही. आईच्या हातात तिचाच डबा परत देण्यापेक्षा त्यांना समुद्र पोहून जाणं सोपं वाटत असावं.

यावर उपाय मी काढला. मीच. कुणी दुसऱ्यानं काढला असता तर आज मला बरं वाटलं असतं. काउंटरमागे लेबलं आणि सुतळी ठेवायची एक खोली होती. "लेबल लावून आणते" असं मोठ्यानं म्हणायचं, बोचकं आत न्यायचं, डबा एका कागदी पिशवीत रिकामा करायचा, रद्दीचे बोळे डब्यात कोंबायचे आणि पुन्हा त्याच कापडात तशीच गाठ मारून आणून द्यायचं. वजन गेलं, बोचकं राहिलं. गॅलरीतून आईला हवं ते दिसलं. वर मी त्या मुलांना शिकवायचेसुद्धा, "जड असल्यासारखं धरा हं. हलवत चालू नका." मी स्वतःला फार हुशार समजत होते, आणि दयाळूही.

खाली राहिलेला खाऊ आम्ही वाटून घ्यायचो. टाकून देणं तर पाप. ड्यूटी संपली की त्या खोलीत आमची पंगत बसायची. कुणाची चकली खुसखुशीत, कुणाचे लाडू तुपात कंजूस, यावर आमच्या चर्चा व्हायच्या. आमच्यातली एक म्हणायची, या वर्षी मी घरी फराळच केला नाही, काट्याच्या कृपेनं भागलं. आम्ही खो खो हसायचो. मी घरी नेलेल्या पुड्या आई डब्यात भरून ठेवायची. "खंयसून हाडलंस?" असं सुरुवातीला तिनं तिच्या मालवणीत विचारलं होतं. प्रवासी देतात, एवढंच मी सांगितलं. खोटं नव्हतं ते.

आमच्या चाळीत तेव्हा वेसाव्याहून एक कोळीण मासे घेऊन येत असे. मी परकरात होते तेव्हापासून ती येत होती. आम्ही तिला मावशी म्हणायचो. अंगानं दणकट, आवाज खणखणीत, आणि कानात सोन्याची जाडजूड कानातली. टोपली उतरवताना ती मान वाकडी करायची आणि त्या कानातल्यांवर जिन्यातलं ऊन पडायचं. तिचा नवरा समुद्रातच बुडून गेला होता, मी लहान असताना. मुलगा एकच. आई आणि ती रोज सरंग्यावरून भांडायच्या. आई मालवणची, त्यामुळे माशातलं तिला कुणी शिकवलेलं खपत नसे. "शिळो आसा गो ह्यो," आई म्हणायची. "तुमच्या मालवनात असंल शिलं," असं म्हणून मावशी टोपली उचलायची, जिन्याच्या दोन पायऱ्या उतरायची आणि परत यायची. दोघींना त्याशिवाय सकाळी काही सुचत नसे.

एकदा मे महिन्यात मावशीनं पेढे आणले. मुलाला दुबईला नोकरी लागली होती, तिथल्या बंदरातल्या बोटीवर. "बाय, तूच असशील ना तिथं काट्यावर?" तिनं मला विचारलं. "जरा बघ माझ्या पोऱ्याला. कंदी विमानान बसला नाय." मी म्हटलं, मावशी, बिनघोर राहा, मी आहे.

त्या दिवशी वेसाव्याहून टेम्पो भरून माणसं आली. हिरव्याजर्द लुगड्यांनी आमचा तो रडका हॉल एकदम उजळला. मावशीनं मला दोरीपलीकडून बोट करून सगळ्यांना दाखवलं, ही आमची पोरगी म्हणून. मला मान ताठ करावीशी वाटली. डोक्यावरचा पदर तिनं कानांवरून घट्ट ओढून घेतला होता. एवढ्या उकाड्यात कशाला, असं मनात आलं खरं. ते तेवढ्यावरच राहिलं.

मुलगा आत आला. विशीतला, गळ्यात तीन हार, घामाघूम. बॅग काट्यावर ठेवली तीच वीसला टेकली. मग त्यानं हातातलं बोचकं ठेवलं. पोपटी लुगड्याच्या तुकड्यात बांधलेला पत्र्याचा डबा. आत सोडे होते, म्हणजे सोलून उन्हात वाळवलेली कोळंबी. गाठ न सोडताही कळत होतं. मागच्या रांगेतल्या सुटाबुटातल्या माणसानं नाकाला रुमाल लावला. मुलानं ते पाहिलं आणि त्याचं तोंड उतरलं.

"ताई, हे काढून टाका ना," तो पुटपुटला. "सगळ्या विमानात वास मारंल. तिथं पन खोलीत दुसरी पोरं असनार. आयेला नका सांगू पन. तिनं महिनाभर खपून केलेत." मी म्हटलं, काळजी करू नको. लेबल लावून आणते, असं मोठ्यानं म्हणत मी आत गेले, सोडे एका पिशवीत ओतले, वर्तमानपत्रं कोंबली, गाठ मारली. सोडे उत्तम होते. वांग्यात घातले तर आई खूश होईल, हा विचार मी तिथंच केला. तो केलेला मला नीट आठवतो.

दारावर पास फाडायलाही त्या दिवशी मीच होते. पोरगं ते बोचकं इतकं जड असल्यासारखं धरून चाललं की एका बाजूला कलंडत होतं. वरून मावशीचा आवाज आला, "तो बघा, तो चालला माझा!" अख्खी गॅलरी हसली. शिडीवर त्यानं वळून बोचकंच वर केलं. मावशी दोन्ही हात हलवत होती. मला भरून आलं. दोघांचंही मन राखलं, असं मला वाटलं.

रविवारी आईनं सोडे निवडायला घेतले. मी पेपर वाचत होते. आईचा हात थांबला. सोड्यांमधून तिनं चिंधीची एक गाठ काढली, सोडली आणि ताटलीत ठेवली. आत ती कानातली होती. मला ओळखायला क्षणही लागला नाही. आईलाही नाही. रोज सकाळी आम्ही ती जिन्यात बघत होतो.

"ह्या काय गो?" आई म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला होता.

मग मला तो कानांवर ओढलेला पदर आठवला. सोनं उघड न्यायची सोय नव्हती, कस्टमवाले अडवणार. मुलाला सांगितलं असतं तर त्यानं ते घेतलं नसतं. म्हणून तिनं कुणालाही न सांगता सोड्यांच्या तळाशी ते घातलं होतं. परमुलखात पोरावर वेळ आली तर असावं म्हणून. डबा तळाला गेला की सापडेल. डबा तळापर्यंत मीच रिकामा केला होता, आणि मला ते दिसलंही नव्हतं.

"आत्ताच्या आत्ता जा नि तिका दिवन ये," आई म्हणाली.

"आणि काय सांगू? तुझा मुलगा सोडे टाकून गेला म्हणून? मी त्याला शब्द दिलाय, आई."

"शब्द खड्ड्यात घाल. आपण चोर झालों गो."

मी तिची समजूत काढली. मुलगा वर्षानं सुट्टीवर येईल, तेव्हा त्याच्याच हातात देऊ, तो आईला देईल, कुणाचंच काही बिघडणार नाही. बोलताना ते मला पटतही होतं. खरं कारण दुसरंच होतं. प्रवाशाचं सामान काढून घरी नेलं, आणि त्यात सोनं निघालं, हे बाहेर फुटलं असतं तर नोकरी गेलीच असती, आणि वर पोलीस. कस्टमचं टेबल आमच्या काउंटरच्या मागेच होतं. मी भ्याले होते. आईनं ती चिंधी देव्हाऱ्यात देवाच्या पाटाखाली ठेवली आणि ते सोडे रांधले. टाकणार कसे? आम्ही जेवलो. चवीला अप्रतिम होते. मला घास गिळताना लाज वाटत होती आणि तरी मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

सोमवारी मावशी आली. टोपली उतरवताना तिनं मान वाकडी केली. कान उघडे होते, भोकं लांबलेली, रिकामी.

"कानातली खंय गेली?" आईला विचारावंच लागलं. विचारलं नसतं तर तेच विचित्र दिसलं असतं.

"सोनाराकडं दिलीत उजलायला," मावशी म्हणाली आणि माझ्याकडे बघून हसली. तिला वाटत असणार, या पोरीनं माझ्या पोराला बोचक्यासकट नीट पोचवलं.

त्या दिवसापासून आईनं भाव करणं सोडलं. मावशी सांगेल ते मुकाट्यानं द्यायची आणि आत जायची. चार-आठ दिवसांनी मावशीच वैतागली. "वयनी, बरं नाय का तुमाला?" ती म्हणाली. "सरंगा शिला हाय असं तरी म्हना!" आई म्हणाली, "ताजो आसा." मावशी टोपली घेऊन गेली ती परत परत मागे वळून बघत गेली. घरात आई माझ्याशी धड बोलेना. मावशीच्या तोंडाकडे माका बघवणा नाय, एवढंच एकदा म्हणाली. पाऊस सुरू झाला, होड्या किनाऱ्याला लागल्या, मावशीचं येणं कमी झालं, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. त्याचीही लाज वाटते.

पावसाच्या अखेरीस वेसाव्याचा आणखी एक मुलगा दुबईला निघाला. मावशीच्या मुलाच्याच बोटीवर. तो काउंटरवर आला आणि मला वाटलं, सुटका झाली. माझी हुशारी पुन्हा वर आली. मी त्याला म्हटलं, "त्याला माझा निरोप सांग. डब्यातलं सगळं मिळालं, असं आईला कळव म्हणावं. विसरू नको." म्हणजे मुलाला वाटेल सोड्यांबद्दल चाललंय, आईला वाटेल सोन्याबद्दल. दोघंही निर्धास्त. मी घरी जाऊन आईला हे सांगितलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला.

दिवाळी झाली आणि मावशी आली ती टोपली न उतरवताच दारात उभी राहिली. "पोऱ्याचा कागद आयला," ती म्हणाली. "सोडे मिळालं म्हनतो. लय झकास व्हतं म्हनतो. सगल्या पोरांनी मिलून तलापर्यंत खाल्लं."

"बरां झाला," आई म्हणाली.

"हां." मावशीनं कानाच्या रिकाम्या पाळीला हात लावला. "तलापर्यंत." आणि ती निघून गेली. आईला सरंगा घ्यायचा आहे का, हेसुद्धा तिनं विचारलं नाही.

मी दारामागे उभी होते. काय झालं ते मला तिथंच कळलं. इतके दिवस ती समजत होती की डबा अजून संपला नसेल, संपला की पोरगा काहीतरी कळवेल. आता त्यानंच सांगितलं होतं, तळ गाठला. आणि सोन्याचं नाव नाही. म्हणजे सोनं त्याला मिळालं आणि त्यानं ते गिळलं. आईला सोड्यांचं कौतुक सांगतो आणि तिच्या कानातल्यांबद्दल चकार शब्द काढत नाही. माझ्या निरोपानं त्याला चोर ठरवलं होतं.

तरीही मी गप्प बसले. आता तर सांगायला आणखी कठीण झालं होतं. रोज ठरवायचे आणि रोज ड्यूटीला जायचे. काउंटरवर कुणी मुलगा वाकून पुटपुटायला लागला की मी पुढच्या प्रवाशाला हाक मारायचे. बोचकी आत नेणं मी बंद केलं, पण म्हणून मावशीची कानातली काही तिच्या कानांत परत जाणार नव्हती. ती बदलत चालली होती. भांडत नव्हती, ओरडत नव्हती. मुलाचं नाव निघालं की दुसरंच काहीतरी बोलायची. माघाच्या थंडीत एकदा तिनं आईजवळ मन मोकळं केलं. उजळायला दिली म्हटलेली ती कानातली कुठं गेली ते सगळं तिनं आईलाच सांगितलं, आमच्याच दारात बसून.

"शिमग्याला येतो म्हनत व्हता," ती म्हणाली. "मी कलवलं, येऊ नको. मना तुझं तोंड नको. मागितलं असतं ना वयनी, तर हातानं काढून दिलं असतं. पन मिलालं म्हून सांगू नये? आयेला?"

आई आत आली, देव्हाऱ्यातली चिंधी काढली आणि माझ्या हातात ठेवली.

सुट्टीच्या दिवशी दुपारी मी वेसाव्याला गेले. किनाऱ्यावर बांबूंच्या दांड्यांवर बोंबील वाळत घातले होते आणि मावशी खाली बसून सुकट पसरत होती. मला बघून ती उठली, हात पदराला पुसले. "बाय तू? इतक्या उन्हात?" पाटावर बसवलं, पाणी दिलं. मी पाणी प्यायले नाही. चिंधी तिच्या हातात दिली.

तिनं गाठ सोडली. कानातली तळहातावर घेऊन एकेक उलटून पाहिली.

"त्याला मिळालीच नाहीत, मावशी," मी म्हटलं. "आमच्याकडे होती. इतके दिवस. तुमच्या मुलानं ती पाहिलीसुद्धा नाहीत."

मला वाटलं होतं, ती मला शिव्या घालेल. घालायला हव्या होत्या. पण तिनं माझे दोन्ही हात धरले आणि हसायला लागली, आणि हसता हसता डोळे वाहायला लागले. "म्हंजे माझ्या पोऱ्यानं नाय घेतलं!" ती म्हणाली. "आई एकवीरे! नाय घेतलं गो माझ्या पोऱ्यानं!" शेजारणींना ओरडून सांगायला ती उठलीच होती. मग थांबली. पुन्हा खाली बसली.

"पन डबा तर त्याच्या हातान व्हता. मी वरनं बगितला ना. पोपटी."

"रिकामा होता, मावशी. आत वर्तमानपत्रं होती."

"कोनी घातली?"

"मी."

ऊन, माशांचा वास, डोक्यावर कावळे. मला उठून पळून जावंसं वाटत होतं.

"मंग तो कागद? सोडे झकास व्हतं म्हून?"

"मीच निरोप पाठवला होता. तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

"म्हंजे सोडे पन नाय नेलं त्यानं."

मी मान हलवली. सोन्याचं ऐकून जे तोंड उजळलं होतं ते माझ्या डोळ्यांदेखत विझलं. महिनाभर खपून केलेले सोडे. त्यांच्या तुलनेत सोन्याचं दुःख तिला काहीच नव्हतं, हे मला आधी कळायला हवं होतं. मी विमानतळावरून अख्खा देश जाताना बघत होते, मला नाही कळायचं तर कुणाला?

"कोनी खाल्लं मंग?"

"आम्ही."

मावशीनं सुकटीवरून हात फिरवला, एकावर एक आलेली कोळंबी सुटी केली. "मीठ जास्त झालं व्हतं का?" तिनं विचारलं. "मना सारखं वाटत व्हतं, मीठ जास्त पडलंय. त्याला इचारलं बी व्हतं कागदान. त्यानं त्याचं कायच लिवलं नाय."

"नाही, मावशी. बेताचं होतं."

"बेताचं ना?"

"अगदी बेताचं."

तिनं मान डोलावली. एवढंच. जो शब्द तिला मुलाकडून हवा होता तो तिनं माझ्याकडून ऐकून घेतला.

मुलगा शिमग्याला आला. मावशीनंच बोलावून घेतला. दोघांत काय बोलणं झालं मला ठाऊक नाही. मावशी सकाळी पुन्हा यायला लागली, कानात कानातली घालून, आणि आई पुन्हा सरंगा शिळा ठरवायला लागली. माझ्याशीही ती आधीसारखीच बोलायची. मला ते फार जड जायचं.

सुट्टी संपवून तो परत निघाला तेव्हा काट्यावर मीच होते. त्यानं बॅग ठेवली. काटा वीसच्या अलीकडेच थांबला. मी त्याच्या हातांकडे बघितलं. हात रिकामे होते. "आयेनं या वक्ताला काय दिलं नाय," तो म्हणाला आणि पायाशी बघत राहिला. "मी मागितलं. म्हनाली, कशाला ओझं?"

मी दारावर पास फाडले. प्रवासी रांगेनं विमानाकडे चालत गेले. सगळे पांढरे शर्ट, सगळ्यांच्या हातात रेक्झिनची बॅग. मी वर बघितलं. मावशी कठड्याला रेलून उभी होती, कानातली उन्हात चमकत होती. तिचे डोळे रांगेवरून पुढे जात, परत मागे येत. मुलगा शिडीच्या वरच्या पायरीवर वळला, त्यानं हात हलवला, आणि बराच वेळ हलवत राहिला. मावशीही दोन्ही हात हलवत होती. पण ती बघत होती खाली, शिडीच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या दुसऱ्याच एका मुलाकडे.